आतडे (शब्दविचार)

जठरापुढील लांब, नळीसारख्या पचनेंद्रियाचा वाचक मराठी शब्द. संस्कृत ‘अन्त्र’ वा ‘आन्त्र’ यांपासून तो आला असून ‘आतले’ एवढाच त्याचा मूलार्थ होय. ग्रीक ‘एंटेरॉन’ हा त्याचा सगोत्र. विपन्नावस्थेत कुत्र्याची आतडी शिजवावी लागल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. इंग्रजीतील ‘गट’ या रूढ शब्दाचे कूळ वेगळे. ‘ओतणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचा संबंध जोडतात. पाण्याच्या अरुंद वाटेलाही तो लावला जातो. संस्कृतने स्थान पाहिले, इंग्रजीने प्रवाह. मराठी ‘कोथळा’ मात्र मूळचा थैलीवाचक (प्राकृत ‘कोत्थल’); अफजलखानवधाच्या (१६५९) कथनांमुळे तो घरोघरी परिचित झाला.

‘गट’च्या अनेकवचनाला इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात धैर्याचा अर्थ आला. मराठीत धैर्याला छाती लागते; आतड्याकडे येते ती माया. ‘आतड्याचे माणूस’, ‘आतडे तुटणे’, ‘आतडे पिळवटणे’ हे प्रयोग नात्याचे व कळवळ्याचे आहेत. इंग्रजीला ही कल्पना अगदीच परकी नव्हती : १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आतड्यांचा वाचक ‘बाउल्स’ हा शब्द करुणेसाठी योजलेला आढळतो.

आतड्यापासून केलेल्या दोरीलाही इंग्रजीत ‘गट’च म्हणतात, मराठीत तिला ‘तात’ हे स्वतंत्र नाव आहे. मेंढ्या-बकऱ्यांची आतडी स्वच्छ करून, पिळून व वाळवून ती तयार करीत. (इंग्रजी ‘कॅटगट’मध्ये मांजराचे नाव असले, तरी मांजराचा तिच्याशी संबंध नाही.) ‘तात’ हा शब्द संस्कृत ‘तन्त्री’पासून, म्हणजे ‘तन्’ (ताणणे) या धातूपासून आला. ‘तंतू’ व विणकराचा ‘ताणा’ ही त्याच धातूची संतती. ‘तन्त्र’ या शब्दाचाही एक प्राचीन अर्थ माग असाच आहे आणि बंगालीत ‘ताँत’ म्हणजे माग. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांमुळे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे हातमागाचे व विसाव्या शतकात यंत्रमागाचे मोठे केंद्र बनले. तेथे ताणा-बाणा हे रोजच्या व्यवहारातील शब्द होत. ‘तात’ मात्र मुख्यतः पिंजाऱ्याच्या धनुष्याची. खांद्यावर ते धनुष्य घेऊन गाद्यांचा कापूस पिंजण्यास दारोदार फिरणारा पिंजारी तातेच्या टणत्कारावरूनच ओळखू येई. कापूस यंत्रावर पिंजला जाऊ लागल्यावर हा शब्द मागे पडला. ताणा मात्र माग बदलला तरी टिकून राहिला.