एका पोराच्या यादीतला सिनेमा

२००४ साली इफ्फी गोव्यात आला आणि आम्हां सरकारी कारकुनांनाही नोव्हेंबरात पणजीत रांगेत उभं राहायची सवय लागली. रांगेतला एखादा कॉलेजकुमार ‘माझे दहा सर्वश्रेष्ठ सिनेमे’ सांगू लागला की शेजारचे जाणकार गालातल्या गालात हसतात. मला मात्र फ्रान्स्वा त्रुफो आठवतो.

१९३२ साली पॅरिसमध्ये जन्मलेलं हे पोर शाळा चुकवून थिएटरात चोरून घुसायचं. आवडला की तोच सिनेमा पुन्हा पुन्हा. दिग्दर्शकांच्या नावाने त्याने कात्रणांच्या फाइली केल्या होत्या (आमच्या हापिसातल्या तरी इतक्या नीट असतील का, शंकाच आहे!). १९४८ मध्ये, सोळाव्या वर्षी त्याने फिल्म क्लब काढला. कर्ज झालं, तेव्हा वडिलांनीच त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं. सुधारगृहातून सोडवायला समीक्षक आंद्रे बाझाँ धावून आले.

त्याच्या सर्वांत लाडक्या सिनेमांपैकी एक ज्याँ रन्वारचा ‘द रूल्स ऑफ द गेम’. गावाकडच्या हवेलीत शिकारीला जमलेले श्रीमंत, त्यांचे नोकर आणि सगळ्यांचीच लफडी. जुलै १९३९ मध्ये तो पडद्यावर आला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रन्वारने काटछाट केली, उपयोग शून्य. सप्टेंबरात युद्ध पेटलं, सरकारने सिनेमावर बंदी घातली, पुढे बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही गेली. युद्धानंतर उरल्यासुरल्या तोकड्या प्रती पाहून त्रुफोसारखी पोरं हाच थोर म्हणून भांडत राहिली.

१९५२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात पहिला ‘बायसिकल थीव्ह्ज’. रन्वारचा सिनेमा दहाव्या जागी. १९५९ मध्ये सापडलेले तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला, वर्षभरापूर्वी वारलेल्या बाझाँना अर्पण करून. त्याच वर्षी त्रुफोने आपला पहिला मोठा चित्रपट ‘द ४०० ब्लोज’ही त्यांनाच अर्पण केला. १९६२ च्या कौलात रन्वार तिसरा! तिथून २०१२ पर्यंत पहिल्या दहांतून हलला नाही. २०२२ मध्ये तेरावा.

खरं सांगू? पहिल्यांदा पाहताना कोण कुणाचा नवरा, यातच माझा अर्धा तास गेला. दुसऱ्यांदा शिकारीचा प्रसंग नीट पाहिला. हाकारे झाडांवर काठ्या आपटत येतात, ससे उघड्या रानात पळतात आणि एकेक करून पडतात. एकाचे पाय हळूहळू आखडतात. कॅमेरा हलत नाही.