रांजणाचं घराणं

थोर माणसाचं राहतं घर होतं तसं जपायचं, वस्तू जागच्या जागी ठेवायच्या आणि दार लोकांना खुलं करायचं, ही चाल व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजांची, असं सर्रास सांगितलं जातं. दाखले भक्कम आहेत. शेक्सपिअरचं जन्मघर १८४७ मध्ये लिलावात निघालं, तेव्हा लोकवर्गणीतून ३००० पौंड मोजून ते सोडवलं गेलं. थॉमस कार्लाइलचं लंडनमधलं घर १८९५ मध्ये लोकांसाठी उघडलं. शेजारचे कोंबडे आणि पियानो ऐकू येऊ नयेत म्हणून त्यानं माळ्यावर बांधून घेतलेली लिहिण्याची खोली तिथे अजून बघायला मिळते. आपल्याकडची स्मारकं हे बघून झाली, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो.

मला तो मान्य नाही. माझा पुरावा पैठणच्या नाथवाड्यात आहे: पाण्याचा एक रांजण.

संत एकनाथ १५९९ मध्ये गेले. त्यांच्या राहत्या घरात आज विजयी पांडुरंगाची मूर्ती आहे, पूजाअर्चा आहे. पण माणसं रांजणापाशी रेंगाळतात. प्रत्यक्ष कृष्ण श्रीखंड्या नावाचा गडी होऊन १२ वर्षं नाथांघरी राबला, कावडीनं गोदावरीचं पाणी आणून हाच रांजण भरत राहिला, अशी कथा. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओतायला लागतात. घागरीमागून घागर रिती होते, पाणी काठाशी येतं, तरी रांजण भरला असं कुणी म्हणत नाही. तो ओसंडला पाहिजे. ज्याच्या घागरीनं पाणी काठावरून वाहतं, त्याच्या रूपानं श्रीखंड्या येऊन गेला असं मानतात, आणि मग नाथषष्ठीला रंग चढतो.

यावर आक्षेप ठरलेला: हे देऊळ झालं, संग्रहालय नव्हे. मी उलट विचारतो, देवळात स्वयंपाकघराचा रांजण कशाला जपतील? घरातली रोजच्या वापरातली वस्तू, तिची कथा, ती बघायला लांबून येणारी माणसं. याहून वेगळं कार्लाइलच्या घरी काय आहे? फरक असलाच तर हा की तिथे खुर्चीवर बसू देत नाहीत, इथे पाहुण्यानं रांजण भरायचा असतो.

आता हा ओसंडण्याचा हट्ट आला कुठून? इथे मी आमच्या हिंगोली जिल्ह्याकडे बोट दाखवतो. कयाधूकाठचं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव. तीर्थावळीच्या अभंगांतली कथा अशी: ज्ञानेश्वर आणि नामदेव मारवाडातून जाताना तहानेनं व्याकूळ झाले. विहीर सापडली, पण पाणी खोल. ज्ञानेश्वर योगबळानं सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला, तशी विहीर भरून वाहू लागली. एकट्याची तहान भागवणारा योग आणि वाटसरूंसकट सगळ्यांना पुरणारी भक्ती, असा तो सामना आहे. नामदेवांनंतर दोनशे वर्षांनी तेच ओसंडणारं पाणी पैठणला रांजणात, म्हणजे थेट घरात आलं, असं माझं ठाम मत आहे. काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी लावणाऱ्या नाथांच्या घरी ते यावं, यात मला नवल वाटत नाही.

नामदेवांचं जन्मगाव कराडजवळचं नरसी, असाही एक पक्ष आहे; कुणी पंढरपूर सांगतात. माझं म्हणणं एवढंच, की नामदेवांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथला, आणि औंढा याच जिल्ह्यात आहे. संतांच्या चमत्कारांत पाणी सगळीकडेच असतं, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. पण इतरांच्या विहिरी माळावर राहिल्या. घराच्या आत येऊन वर्षानुवर्षं भरलं जाणारं पाणी मला पैठणलाच दिसतं.

आणि नंतर पुण्यात. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेतल्या फुले वाड्यात आज लोक विहिरीत डोकावतात, चरित्रांत मात्र शब्द हौदाचा आहे. हौद याच विहिरीच्या पाण्यानं भरत असणार, असं मी धरून चालतो. जोतीरावांनी नाथांचा कित्ता गिरवला, असं मी म्हणणार नाही. त्यांचं पाणी कथेतलं नव्हतं, हक्काचं होतं. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते याच हक्कासाठी.

त्या बाबासाहेबांचं लंडनमधलं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. १०, किंग हेन्रीज रोड. घर अस्सल व्हिक्टोरियन काळातलं. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते. कॅमडेनच्या स्थानिक कौन्सिलनं संग्रहालयाला परवानगी नाकारली. ही राहण्याची जागा आहे, हा त्यांचा मुद्दा, आणि माणसांच्या वर्दळीचा शेजाऱ्यांना त्रास होतो, ही तक्रार. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं अपील मान्य केलं. इंग्रजी रिवाजाप्रमाणे तिथे पलंग, पुस्तकं, चष्मा असं सगळं मांडलेलं आहे. पण शेजाऱ्यांना खुपलेली ती वर्दळ कार्लाइलच्या घरची नव्हती; दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटते तिच्यातलीच ती होती.