गोठ्यातला गलबला

नाताळच्या दिवसांत तरुण मातापित्यांची एक तक्रार आमच्या कानी हमखास येते. घरात दोन-तीन लहान मुले असली की सण मनासारखा होत नाही. करंज्यांचे निम्मे सारण आधीच फस्त होते, गोठ्यातली मेंढरे खाटेखाली सापडतात. मध्यरात्रीच्या मिस्सेत ऐन शुभवर्तमानाच्या वेळी धाकटे रडू लागते आणि आईला त्याला घेऊन व्हरांड्यात जावे लागते. मागल्या बाकांवरून कपाळाला आठ्या पडतात त्या वेगळ्याच. "फादर, आमच्या नाताळात भक्ती अशी उरलीच नाही," असे ही मंडळी म्हणतात. त्यांची खंत प्रामाणिक आहे. म्हणूनच चार गोड शब्दांत तिची बोळवण न करता ती इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावी, असे आम्हांला वाटते.

प्रथम १२२३ सालच्या इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी जाऊ. नाताळापूर्वी सुमारे पंधरा दिवस असिसीकर संत फ्रान्सिसने तेथील जोव्हान्नी नावाच्या आपल्या मित्राला गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची तयारी करण्यास सांगितले. बेथलेहेमच्या बाळाने सोसलेली गैरसोय त्याला डोळ्यांनी पाहावयाची होती. त्या रात्री गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रानात लोटले. गव्हाणीवर मिस्साबलिदान झाले. फ्रान्सिस हा डिकन असल्यामुळे शुभवर्तमान त्याने गाइले आणि प्रवचनही त्यानेच केले. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस लिहितो की, 'बेथलेहेम' हा शब्द फ्रान्सिस मेंढराच्या बें-बें आवाजासारखा उच्चारीत असे आणि लोकांच्या आवाजाने अवघे रान दुमदुमून गेले होते. शेजारी जनावरे, पायाखाली गवत, समोर गर्दी आणि मेंढरासारखा बोलणारा एक संत! आजच्या नाताळगोठ्याची परंपरा या रात्रीपाशी पोहोचते. हा प्रकार पोरकट आहे, असे पवित्र सभेने म्हटले नाही. संत बोनाव्हेंचर सांगतो की, फ्रान्सिसने त्यासाठी आधी पोपमहोदयांची अनुमती घेतली होती. पुढे २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोलाच जाऊन नाताळगोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली.

मध्ययुगीन युरोपने तर याच्याही पुढे पाऊल टाकले. इंग्लंडमधील अनेक कॅथेड्रलांत गायकवृंदातील एका मुलाला 'बालबिशप' निवडीत. संत निकोलसच्या सणापासून, म्हणजे ६ डिसेंबरपासून, २८ डिसेंबरच्या निष्पाप बालकांच्या सणापर्यंत हा मान त्याच्याकडे असे. त्याच्या मस्तकी बिशपचा मुकुट आणि हाती दंड असे. तो प्रवचनही करी. पवित्र मरियेच्या स्तोत्रात परमेश्वर बलवंतांना आसनावरून उतरवतो आणि दीनांना उंचावतो असा आशय आहे. सायंप्रार्थनेत तेथवर आले की थोरांनी आसने सोडावयाची आणि मुलांनी ती घ्यावयाची, असा प्रघात होता. यात दंगामस्ती शिरत असे आणि धर्माधिकारी वेळोवेळी कानही पिळीत. परंतु जो देव बालक होऊन आला, त्याच्या सणात वर्षातून एकदा बालकाने खुर्चीवर बसावे, यामागचा अर्थ त्या काळच्या साध्या भाविकांनाही कळत होता. १५४१ साली आठव्या हेन्रीने ही प्रथा बंद केली. विसाव्या शतकात काही कॅथेड्रलांनी ती पुन्हा सुरू केली आहे.

सणातला गोंधळ नाहीसा करण्याचे प्रयत्नही झाले. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने, तेथे प्युरिटनांचा वरचष्मा असताना, नाताळचा सणच रद्द केला. त्या डिसेंबरात कँटरबरीत दंगल उसळली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला आणि १६८१ साली तो कायदा मागे घेतला. गोंधळाबरोबर सणही हद्दपार करावयाचा हा मार्ग टिकला नाही.

एकोणिसाव्या शतकात दुसरा मार्ग निघाला. तोवर न्यूयॉर्कसारख्या शहरांत नाताळचा दंगा मुख्यतः रस्त्यावर चाले. गरीब लोक टोळक्यांनी श्रीमंतांच्या दारी जात आणि खाणेपिणे मागून घेत. सुखवस्तू कुटुंबांनी हळूहळू हा सण घरात आणला आणि त्याच्या केंद्रस्थानी स्वतःची मुले बसविली. १८२३ साली संत निकोलसच्या रात्रभेटीची एक कविता अमेरिकेत निनावी छापली गेली आणि १८४८ साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षाभोवतीचे चित्र एका साप्ताहिकात आले. या दोहोंनी घरगुती नाताळाला रूप दिले. मुलांना सण मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. पण दार लागले आणि दाराशी येणारा गरीब बाहेर राहिला. आम्हांला खरी काळजी वाटते ती याची.

आपल्या कोकणपट्टीचाही येथे संबंध आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्याच शतकात फ्रान्सिसचे अनुयायी असलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू येथे आले. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीज भाषेतलाच. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर युरोपीय धर्मगुरू गेले. मागे राहिलेले मोजके एतद्देशीय धर्मगुरू आणि इथल्या कुटुंबांनी श्रद्धा सांभाळली. आजीच्या मांडीवरून नातवंडांकडे हा सण आला. त्या घरांतही मुले रडलीच असतील आणि सारणही पळविले गेले असेल!

तेव्हा, मातापित्यांनो, मन खट्टू करून घेऊ नका. बाळाला घेऊन व्हरांड्यात उभी असलेली आई मिस्सेच्या बाहेर नसते. त्या रात्री बाळाला सांभाळणाऱ्या मरियेच्या अगदी जवळ ती उभी असते. २०१४ च्या जानेवारीत सिस्टाइन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा देताना पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले होते की, बाळ भुकेले असेल तर निःसंकोच पाजा. ज्या आवाजाला तेथे मुभा मिळाली, त्याला आपल्या धर्मग्रामात आठ्यांचा सामना का करावा लागावा?

ज्येष्ठांना आमची विनंती एवढीच की, यंदा मध्यरात्रीच्या मिस्सेत पुढचे एखादे बाक लेकुरवाळ्यांसाठी मोकळे सोडा. आणि मातापित्यांना विनंती अशी की, या गलबल्याला दाराबाहेर पडू द्या. वाडीत एखादे घर असेल, जेथे मूल नाही, किंवा यंदा दुःख आहे, किंवा चूल जेमतेम पेटते. फराळाचे ताट मुलांच्याच हाती देऊन त्यांना तेथे पाठवा. वाटेत दोन करंज्या कमी होतील. होऊ द्यात.