पाटी इंडियाची, चूल सिल्हेटची

लंडनमधल्या एखाद्या जुन्या ‘इंडियन रेस्टॉरंट’चे मेनूकार्ड वाचायला घेतले की ते नकाशासारखे वाटू लागते. त्यात मद्रास असते, काश्मीर असते, बॉम्बे असते. गोव्याचा विंदालू असतो, पारशांचे धनसाक असते, पंजाबी तंदूर असतो. या नकाशावर एक नाव मात्र सापडत नाही, सिल्हेटचे. आजच्या बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यातला, सुरमा नदीकाठचा हा प्रदेश. ब्रिटनमधली बहुसंख्य ‘इंडियन’ उपाहारगृहे ज्यांनी काढली, ज्यांनी त्यांच्या भटारखान्यात कांदा चिरला आणि रात्री उशिरापर्यंत टेबले पुसली, ती माणसे या प्रदेशातली. ज्यांनी जेवण वाढले त्यांच्याच गावाचे नाव पाटीवर का आले नाही, हा प्रश्न मला या विषयाकडे घेऊन आला. त्याचे उत्तर शोधताना दोनशे वर्षे मागे जावे लागते.

जॉर्ज स्ट्रीटवरचा फसलेला प्रयोग

इंग्लंडला करी हॉटेलांतून कळली असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती आधी घरात आली. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात करीची कृती आहे. १७७३ मध्ये हेमार्केटजवळच्या नॉरिस स्ट्रीट कॉफी हाउसमध्ये करी मिळत होती. पण ती इंग्रजी खानावळीतली एक डिश. भारतीय माणसाने काढलेले, भारतीय जेवणासाठीच असलेले पहिले उपाहारगृह लंडनला मिळाले ते १८१० मध्ये. ते काढणारे शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत गॉडफ्रे बेकर या अधिकाऱ्याच्या पदरी राहिले आणि १७८४ मध्ये त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गेले. तिथे त्यांनी जेन डेली या आयरिश मुलीशी लग्न केले आणि १७९४ मध्ये आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेले पहिले पुस्तक म्हणून ते आज ओळखले जाते.

त्यांच्या ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ची जागा विचारपूर्वक निवडलेली होती. पोर्टमन स्क्वेअरच्या परिसरात भारतातून पैसा कमावून परतलेले कंपनीचे साहेब राहत. त्यांच्यासाठी बांबूच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातली दृश्ये, हुक्क्यासाठी वेगळी खोली आणि अस्सल चिलमी तंबाखू अशी सारी व्यवस्था होती. वृत्तपत्रात जाहिरातही दिली होती. तरीही १८१२ मध्ये दीन महंमदांचे दिवाळे वाजले. पुढे ही जागा दुसऱ्यांच्या हाती काही काळ चालली, पण त्यांच्यावर १८१३ मध्ये बटलरची नोकरी हवी अशी जाहिरात देण्याची वेळ आली. त्यांचे नशीब उघडले ते ब्रायटनला. चंपी आणि वाफेच्या स्नानाच्या व्यवसायाने त्यांना दोन राजांचे ‘शॅम्पूइंग सर्जन’ केले. ते १८५१ मध्ये वारले. जॉर्ज स्ट्रीटवर वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने २००५ मध्ये लावलेली हिरवी पाटी मी पाहिली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिवाळखोरीचा पत्ता ती लागू देत नाही.

हा प्रयोग का फसला? याचे साधे कारण असे की ज्या गिऱ्हाइकाला हे जेवण कळत होते त्याला हॉटेलची गरज नव्हती. भारतातून परतलेल्या साहेबाकडे मसाले असत, बरेचदा आचारीही असे. शिवाय त्या काळचे सभ्य जेवण घरी व्हायचे. जाणकार गिऱ्हाईक दीन महंमदांना तारू शकले नाही. उलट पुढच्या शतकात हा धंदा फोफावला तो हे जेवण मुळीच न कळणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जोरावर. माझ्या मते साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे.

खलाशी, विद्यार्थी आणि साहेब

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये तीन तऱ्हेच्या माणसांना भारतीय जेवण हवे होते आणि तिघांच्या चुली वेगळ्या होत्या.

पहिले विद्यार्थी. मराठी वाचकाला यातला एक प्रसंग ओळखीचा असेल. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी, दसऱ्याच्या निमित्ताने, लंडनमधल्या भारतीयांनी वर्गणी काढून भोजन केले. अध्यक्षस्थानी मोहनदास गांधी होते आणि विनायक दामोदर सावरकर वक्ते होते. रामकथेचा अर्थ दोघांनी आपापल्या परीने सांगितला आणि पुढे त्यावर खूप लिहिले गेले. एक साधी गोष्ट मात्र त्या लिखाणात झाकली जाते. हा समारंभ बेजवॉटर भागातल्या एका भारतीय उपाहारगृहात झाला. सावरकरही त्या वर्षी काही काळ रेड लायन पॅसेज नावाच्या बोळात एका भारतीय खानावळीच्या वरच्या खोलीत राहत होते. परक्या शहरात आपल्या माणसांना एकत्र बसायला जागा लागते आणि सभागृहापेक्षा खानावळ स्वस्त पडते.

दुसरे साहेब. एडवर्ड पामर हे हैदराबादशी नाते असलेल्या एका अँग्लो-इंडियन घराण्यातले. त्यांचे पूर्वज जनरल विल्यम पामर यांचा संसार फैज बक्ष या मोगल घराण्याशी संबंधित बेगमेबरोबर झाला होता. वेम्बलीच्या १९२४-२५ च्या साम्राज्य प्रदर्शनात भारतीय खाद्यगृह चालवल्यावर पामर यांनी १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ उघडले. भारतात नोकरी करून परतलेल्या अधिकाऱ्याला तिथे पगडीवाले नोकर, ओळखीचा वास आणि हरवलेला रुबाब एका टेबलावर मिळे. दीन महंमदांनी जे विकू पाहिले होते तेच पामर यांनी विकले. फरक एवढाच की मधल्या काळात घरचे आचारी ठेवणे परवडेनासे झाले होते आणि बाहेर जेवणे प्रतिष्ठेचे ठरले होते.

तिसरे खलाशी, आणि पुढचा इतिहास त्यांचा. कोलकात्याहून सुटणाऱ्या आगबोटींच्या इंजिनघरात कोळसा ओढायला सिल्हेटी माणसे मोठ्या संख्येने असत. नदीवर वाढलेली, होड्यांची सवय असलेली ही माणसे सारंगांच्या ओळखीने भरती होत. एकाच गावातली, एकाच कुटुंबातली माणसे अशा रीतीने एका बोटीवर येत. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी आणि काम भट्टीपुढचे. लंडनच्या गोदीत बोट लागली की काही जण परत चढतच नसत.

अशा पळालेल्या खलाशाला पहिली रात्र काढायला जागा हवी. आयुब अली यांच्या कमर्शियल स्ट्रीटवरच्या ‘शाह जलाल’ कॉफी हाउसमध्ये ती मिळे. सिल्हेटच्या सूफी संताचे नाव दिलेले हे दुकान खानावळ तर होतेच, शिवाय पत्र लिहून घेण्याची, पैसे घरी पाठवण्याची, कागदपत्रे करून घेण्याची ती कचेरी होती. इंडिया लीगच्या बैठकाही तिथे होत. १९४३ मध्ये आयुब अली आणि शाह अब्दुल मजीद कुरेशी यांनी भारतीय खलाशांची कल्याणकारी संघटना काढली. ही सारी हकिकत आपल्याला कळते ती बरीचशी कॅरोलाइन अ‍ॅडम्स यांच्या १९८७ सालच्या पुस्तकामुळे. म्हाताऱ्या सिल्हेट्यांशी बोलून त्यांनी त्यांच्या तोंडचे शब्द टिपले. तसे केले नसते तर हा इतिहास त्या माणसांबरोबर मातीत गेला असता.

पाटी का बदलली नाही

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत मोडकळलेली चहाची आणि मासे-चिप्सची दुकाने स्वस्तात मिळत होती. सिल्हेट्यांनी ती घेतली. मासे-चिप्स तसेच ठेवले, बाजूला भात आणि करी ठेवली. दारूचे गुत्ते रात्री अकराच्या सुमारास बंद झाले तरी ही दुकाने उघडी राहत. झिंगलेले गिऱ्हाईक चिप्स घ्यायला येई, एखाद्या दिवशी त्यावर करीचा रस्सा घाली आणि पुढे केव्हातरी चिप्स सोडून देई. हे जेवण न कळणारे, पण भुकेले आणि हिशेबी गिऱ्हाईक शेवटी मिळाले ते असे.

दरम्यान सिल्हेटचा पत्ता बदलत होता. ब्रिटिश अमदानीत १८७४ पासून तो आसाम प्रांतात होता. जुलै १९४७ मधल्या सार्वमताने त्याचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. १९७१ मध्ये तो बांगलादेश झाला. म्हणजे १९३० च्या सुमारास जन्मलेला एखादा सिल्हेटी आचारी आपले गाव न बदलता तीन देशांचा झाला. दुकानावरची पाटी मात्र ‘इंडियन’च राहिली. ती बदलण्यात धंद्याचा शहाणपणा नव्हता. गोऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात करी आणि इंडिया यांची जी सांगड वीरास्वामीपासून बसली होती ती एका नव्या देशासाठी कोण मोडणार? पाटी गिऱ्हाइकाच्या माहितीप्रमाणे लिहावी लागते, मालकाच्या नव्हे.

आता मेनूकार्डाकडे पुन्हा पाहू. दुपारी एका मोठ्या भांड्यात कांदा शिजवून एकच मूळ रस्सा करायचा आणि संध्याकाळी मागणीप्रमाणे त्यातून दहा-वीस पदार्थ काढायचे, ही या भटारखान्यांची रीत. कोर्मा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे त्याहून जहाल. गावांची आणि जमातींची नावे इथे तिखटाची मापे झाली. विंदालू मूळचा गोव्याचा. पोर्तुगीजांच्या मद्य-लसणात मुरवलेल्या मांसातून निघालेला, व्हिनेगरची आंबट चव असलेला. त्याच्या नावातला ‘आलू’ हा बटाटा नव्हेच; तरी पुष्कळ करी हाउसांत त्यात बटाटा पडला. पारशांच्या घरी धनसाकाचा संबंध मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवसाशी असतो, म्हणून शुभकार्यात ते करत नाहीत. लंडनमध्ये त्याच धनसाकात अननस घालून ते वाढदिवसाला खाल्ले गेले.

आपल्या किनाऱ्याचाही एक पदार्थ या मेनूकार्डावर आहे. बांबूच्या दांड्यांवर वाळवलेला सुका बोंबील. ‘बॉम्बे डक’ या नावाने तो भाजून, चुरून करीवर घेण्याची जुन्या साहेबांची आवड करी हाउसांनी चालू ठेवली. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे तो ब्रिटनमध्ये येणे बंद झाले, कारण भारतातून मासळी फक्त मान्यताप्राप्त कारखान्यांतून यावी असा नियम होता आणि बोंबील उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यावर सुकतो. शौकिनांनी त्यासाठी मोहीम चालवली आणि काही वर्षांनी वाट मोकळी झाली. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. बंगाली बोलणाऱ्यांना हाच मासा ‘लोइट्टा’ म्हणून ठाऊक आहे आणि सुकी मासळी म्हणजे ‘शुटकी’ तर सिल्हेटी जेवणाचा जीव. म्हणजे स्वतःच्या ताटातली शुटकी वासाच्या भीतीने गिऱ्हाइकापासून लपवणाऱ्या माणसाला तिचीच बहीण ‘बॉम्बे’च्या नावाने विकायला अडचण नव्हती.

नाव मिळाले ते कुठे

हे जेवण ब्रिटनने आपले म्हटले. १९ एप्रिल २००१ रोजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. जेवण आपले म्हणणे सोपे होते, माणसांना आपले म्हणायला वेळ लागला. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा बंगाली तरुण व्हाइटचॅपलमध्ये कामावरून घरी जाताना वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. तोवर मान खाली घालून शिव्या ऐकणारा वेटर आणि शिलाईकामगार रस्त्यावर आला तो त्या दिवशी. जिथे हल्ला झाला त्या ठिकाणचे उद्यान आज अल्ताब अलीच्या नावाने आहे. या शतकाच्या आरंभी ब्रिक लेनच्या प्रभागाच्या नावात ‘बांगलाटाउन’ हा शब्दही आला. सिल्हेट्यांना त्यांचे नाव मिळाले ते नगरपालिकेच्या नकाशावर. दुकानाच्या पाटीवर ‘इंडियन’ कायम राहिले.

आता हा काळही सरत चालला आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांची आठवण विकणारे ‘डिशूम’ २०१० पासून लंडनमध्ये रांगा लावते आहे. कृष्ण मेनन आणि इंडिया लीग यांच्याशी नाते सांगणारा, १९५१ मध्ये सुरू झालेला ‘इंडिया क्लब’ सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले. गल्लीबोळातली सिल्हेटी करी हाउसे बंद पडतात तेव्हा सहसा कोणी लिहीत नाही. मालकाची मुले डॉक्टर, वकील, हिशेबनीस झाली आहेत आणि रात्री बारापर्यंत तव्यापुढे उभे राहायला त्यांना बोलावणे बापालाही नको आहे. या हॉटेलांचे यश मोजायचे तर ते तिथेच मोजावे लागेल.

अभ्यासकाने जपण्यासारखे जे कागद आहेत त्यांत या दुकानांची मेनूकार्डे पहिली. पण त्यांच्याबरोबर एक न छापलेले मेनूकार्डही टिपून घ्यायला हवे. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर, दार लावून, पोरे मागच्या टेबलावर बसतात. त्यांच्यासाठी रस्सा वेगळा केलेला असतो. भात, पातळ कालवण, त्यात सिल्हेटच्या ‘शातकोरा’ लिंबाची कडवट साल आणि कधी शुटकी. या जेवणाला तिखटाचे माप नाही आणि किंमतही लिहिलेली नाही. ज्यांच्या हातचे जेवण साऱ्या ब्रिटनने खाल्ले ते स्वतः काय जेवत होते, हे त्यांना विचारणारी माणसे आपल्याला आणखी हवी आहेत, आणि विचारण्याजोगे म्हातारे आता थोडेच उरले आहेत.