लाली लावू नका, गाल काळा पडेल

आसेगावातल्या लग्नघरी आतल्या खोलीत नवरी बसली आहे. नाकाच्या दोन्ही अंगांना तपकिरी रेघा, मधोमध पांढुरकी; गालफडाखालीही एक पट्टा. “आता पाय बरं नाक,” पार्लरवाली ताई म्हणते. रिंगलाइटच्या उजेडात बसकं नाक खरंच तरतरीत दिसतंय. पिनांची डबी तुमच्या हातात आहे. दिव्याकडे बघून डोळे दिपतात, म्हणून तुम्ही ते मिटता.

उघडता ते १९१७ सालात. आसेगावचा आजचा वाशीम जिल्हा व्हायला अजून ८१ वर्षं आहेत. आसेगाव अकोला जिल्ह्यात. बैलगाडीने अकोला, तिथून आगगाडीने नाशिक. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’चं चित्रण चाललंय. राम झालेत अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णाच.

तुम्ही रंगाची थाळी धरून समोर बसता. मघाशी रामासाठी जाड केलेली भुवई पुसून आता बारीक, कमानदार काढायची. पण जबडा तोच, पुरुषाचा. सवयीने तुमचं बोट लालीकडे जातं. थांबा! या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. तो काळा उमटतो. निळं आभाळ मात्र पांढरंफटक. सीतेच्या गालावर लाली लावलीत तर पडद्यावर गाल खोल गेलेला दिसेल, दुष्काळातून आल्यासारखा.

मग तुमच्या लक्षात येतं, की हाच दोष कामाचा आहे. जी लाली गालावर नको, ती जबड्याच्या कडेला चालेल. तुम्ही ती किंचित लावता, बोटाने विरवता. रुंद कड सावलीत जाते. नाकाच्या दांडीवर सफेद्याची बारीक रेघ. नाकाखाली काहीच नाही, कारण डोक्यावरचं ऊन तिथली सावली फुकटात देतंय. नुसत्या डोळ्यांना समोरचा चेहरा विचित्र, जरासा विनोदीच वाटतो. पण तो डोळ्यांसाठी रंगवलेलाच नाही.

दंडांना मात्र इलाज नाही. सीतेचे पीळदार दंड रंगाने झाकता येत नाहीत. प्रेक्षकांचं त्यामुळे फारसं अडलं नाही म्हणा. पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत.

पिनांची डबी वाजते, तुम्ही परत आसेगावात. नवरी आरशात खूश आहे. पण ती रिंगलाइटखाली बोहल्यावर चढणार नाही. बाहेर कापडी मांडवातून दुपारचं पिवळं ऊन गाळून येतंय, आणि आजेसासू हातभर अंतरावरून तोंड बघणार आहे. त्या उजेडात हेच पट्टे गालाला माती लागल्यासारखे दिसतील.

ताई, मुहूर्ताला वेळ आहे. आरसा घेऊन नवरीला जरा ओसरीवर आणा.