खंजिरीचं खातं

लहानपणी आर्णीत 'जपान' म्हटलं की मला फक्त ट्रान्झिस्टर आठवायचा. तिकडून गाणारं यंत्र यायचं. पण 1955 साली आमच्या वऱ्हाडातला गाणारा माणूसच जपानला गेला होता, विश्वधर्म परिषदेला, हे कळलं आणि माझी कारकुनी छाती दोन इंच फुगली.

हे तुकडोजी महाराज. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, मूळ नाव माणिक. भजन लिहिणार तेच, गाणार तेच, खंजिरी वाजवणारही तेच. बँकेत एकाच इसमानं तीन टेबलं सांभाळली तर ऑडिटर लाल शेरा मारतो. इथं लोक डोलायचे. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. 1942 मध्ये इंग्रज सरकारनंही भजनांची दखल घेतली. गाण्यावर जप्ती आणता येईना, म्हणून गायकच उचलला: नागपूरचा तुरुंग, मग रायपूरचा.

1968 साली महाराज गेले. खातं मात्र बंद झालं नाही. भजनी मंडळं ते चालवतात. एकदा मी एका थकबाकीदाराकडे हप्ता मागायला गेलो, तर गडी खंजिरी वाजवत महाराजांचंच भजन म्हणत होता. मला पाहून त्यानं नुसती मान हलवली आणि टाळ पुढे सरकवले.

रात्री अकराला घरी आलो. हप्ता राहूनच गेला.