दाराशी आलेला माणूस : मांडू, धार आणि देवास

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाची सहल मांडूला गेली होती. जहाज महालाच्या गच्चीवर डबे सोडून बसलो असताना सोबतच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारले, "काका, धार आणि देवास ही खरी राज्यं होती का? की नुसते मोठे जहागीरदार?" मी त्याला सलामीच्या तोफा सांगितल्या. धारला १५, देवासच्या थोरल्या पातीला १५, धाकटीला १५. पोराचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. किती तोफा उडायच्या हे ठरवणारा इंग्रज होता. दुसऱ्याने दिलेल्या मापाने आपली उंची काय मोजायची?

घरी आल्यावर वेगळं माप लावून पाहिलं. लहान राज्याच्या दाराशी शेजारच्या राज्यातला कुणी पळून आला, तर त्याला ठेवून घेता येतं का? आणि शेजारी मागायला आला, तर "देत नाही" म्हणता येतं का? आजच्या कायद्यात याला आश्रयाचा आणि प्रत्यर्पणाचा प्रश्न म्हणतात. मांडूपासून देवासपर्यंतचा आपला इतिहास या एका प्रश्नाभोवती बराचसा गोळा होतो.

सुरुवात मांडूपासूनच करू. माळव्याचा सुलतान दुसरा महमूद खलजी स्वतःच एकदा शरणार्थी होता. त्याचा मंत्री मेदिनीराय डोईजड झाला, तेव्हा तो गुजरातेत पळाला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा फौज घेऊन आला आणि १५१८ मध्ये मांडू जिंकून त्याने ते महमूदला परत दिलं. ते जिंकताना किल्ल्यात मोठी कत्तल झाली, हेही विसरून चालणार नाही. पुढे १५२६ मध्ये गुजरातच्या गादीवर बहादूरशहा आला आणि त्याचा भाऊ चांदखान मांडूच्या आश्रयाला आला. ज्या घराण्याने आपल्याला गादी परत दिली, त्याच घराण्यातल्या दावेदाराला महमूदने ठेवून घेतलं. बहादूरशहाच्या दृष्टीने ही सरळ कृतघ्नता होती. त्याने मांडूला वेढा घातला आणि मार्च १५३१ मध्ये गड घेतला. महमूदला चांपानेरकडे नेत असताना वाटेत दोहदजवळ तो मारला गेला. माळव्याचं खलजी घराणं तिथे संपलं. भांडणाला इतर कारणंही होती, पण निमित्त दाराशी आलेल्या माणसाचं झालं.

आता अडीचशे वर्षं पुढे येऊ. मधल्या काळात माळवा मोगलांकडून मराठ्यांकडे आला, आणि धारला व देवासला पवार घराण्याच्या शाखा नांदू लागल्या. १७७३ मध्ये पुण्याला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाई उभे राहिले. पळापळीत राघोबांनी आपली गरोदर पत्नी आनंदीबाई यांना धारच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. किल्ल्यातला खरबुजा महाल दाखवताना आजही लोक ही हकीकत सांगतात.

धारचे खंडेराव पवार उघडपणे राघोबांच्या बाजूला होते. परिणाम व्हायचा तो झाला. विरोधी फौजा धारवर आल्या, राज्य हातचं गेलं, आणि आनंदीबाई व तिचं तान्हं मूल स्वाधीन केल्यावरच ते परत मिळालं. म्हणजे धारने आसरा दिला, त्याची किंमत मोजली, आणि शेवटी माणूसही सोडला. यावर कुणी धारला नावं ठेवील, तर त्याने पुढचंही पाहावं. राघोबा स्वतः इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी त्यांच्यासाठी लढाई केली, वडगावला नामुष्की पत्करली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांनीही राघोबांचा पक्ष सोडला. फरक एवढाच, की इंग्रजांना ते सात वर्षं परवडलं.

धारच्या पवारांवर स्वतः आसरा शोधायची वेळही आली. १८०७ मध्ये दुसरे आनंदराव वारले तेव्हा त्यांच्या पत्नी मीनाबाई गरोदर होत्या. दरबारात गादीवर डोळा ठेवणारे होते, म्हणून त्यांना मांडूला ठेवलं आणि मुलगा रामचंद्रराव तिथे जन्मला. ज्या उजाड गडावर आपण दाल-पानिये खायला जातो, तो तेव्हा एका बाईचं आणि एका राज्याचं शेवटचं ठिकाण होता. शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या कात्रीत राज्य फार थोडं उरलं होतं. जे उरलं ते मीनाबाईंनी टिकवलं.

मग इंग्रज आले. ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांशी मंदसोरचा तह झाला. जूनमध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या दोन्ही राजांशी मिळून एकच तह झाला, आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारशी. तारीख पुन्हा वाचा. धारच्या किल्ल्यात जन्मलेल्या पेशव्याचा तो ४४ वा वाढदिवस होता.

धारच्या तहाचं मर्म दोन गोष्टींत आहे. इंग्रज राज्याचं रक्षण करतील, आणि राजा दुसऱ्या कुठल्याही राज्याशी उघड वा गुप्त व्यवहार ठेवणार नाही. आता धारला शेजाऱ्याची भीती उरली नाही, पण शेजाऱ्याशी बोलायची मुभाही उरली नाही. दाराचं रक्षण होणार होतं, पण दार कुणासाठी उघडायचं हे आता घरमालक ठरवणार नव्हता.

१८५७ मध्ये हे चांगलंच कळलं. धारच्या पदरी असलेले मकरानी, अफगाण वगैरे भाडोत्री शिपाई उठले आणि किल्ला त्यांच्या हाती गेला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी वेढा घातला. शिपाई रात्रीत निसटले आणि फौजेला रिकामा किल्ला मिळाला. राजा अजून पोरवयाचा होता. तरी राज्य खालसा झालं. १८६० मध्ये ते परत दिलं, पण बैरसिया परगणा भोपाळच्या बेगमांना गेला. घरात कोण राहिलं याचा जाब लहान राज्याला द्यावा लागला, आणि दंड शेजाऱ्याच्या पदरात पडला.

देवासची गोष्ट तर याहून न्यारी. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांपासून दोन पात्या झाल्या. १८४१ पासून कारभार वेगळे झाले, पण गावं एकमेकांत गुंतलेलीच राहिली. राजधानी एकच, आणि मोठ्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं. पाण्याची सोय वेगळी, दिवाबत्ती वेगळी. माझी आजी देवासची. ती म्हणायची, "आमच्याकडे रागावून माहेरी जायला रस्ता ओलांडला की पुरे, परराज्यात पोचलो." आम्ही हसायचो. आता वाटतं, बाईने सार्वभौमत्वाचा धडाच दिला होता.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव म्हणजे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ज्यांच्याकडे १९२१ मध्ये खाजगी चिटणीस होता, ते. पुढे कर्ज वाढलं, मुलाशी बेबनाव झाला, इंग्रज सरकार चौकशीला टेकलं. १९३३ च्या अखेरीस यात्रेच्या निमित्ताने महाराज निघाले आणि पाँडिचेरीला फ्रेंचांच्या हद्दीत जाऊन राहिले. १९१० मध्ये श्री अरविंदही इंग्रजांचा ससेमिरा टाळायला तिथेच गेले होते. तुकोजीराव परतले नाहीत. १९३७ मध्ये तिथेच वारले.

१५ तोफांचा हा राजा रस्ता ओलांडून भाऊबंदांच्या राज्यात का गेला नाही? धारला का नाही? इंदूरला का नाही? कारण त्या सगळ्या दारांची किल्ली एकाच माणसाकडे होती. देवास ते पाँडिचेरी हे अंतर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १८१९ आधी धार खरं राज्य होतं, कारण त्याला चुकीच्या माणसाला आसरा देऊन बुडण्याचा अधिकार होता. नंतर ते सुरक्षित झालं.

यात इंग्रजांआधीचा काळ सोन्याचा होता असं मला म्हणायचं नाही. पेंढाऱ्यांनी लुटलेल्या गावातल्या माणसाला १८१९ चा तह नक्कीच गोड लागला असेल. मीनाबाईंनाही बहुधा लागला असेल. पण काय मिळालं याबरोबर काय दिलं, तेही लिहून ठेवावं.

१९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. देवासचा रस्ता आता दोन्ही बाजूंनी एकाच महानगरपालिकेचा आहे. मंडळींना एकच विनंती. घरातल्या जुन्या पेटाऱ्यात थोरल्या किंवा धाकट्या पातीचा शिक्का असलेला कागद असेल, कुणी सरहद्द ओलांडून आल्याचा अर्ज, हमीपत्र, जामीन असं काही, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. राजांचे तह छापलेले आहेत. आपल्या पणज्यांना कुणी आसरा दिला, ते अजून छापायचं आहे.